बाळाच्या वयाचं विमान

रात्री बारानंतर हेब्बाळचा उड्डाणपूल मोकळा होतो आणि बळ्ळारी रस्त्यावरून देवनहळ्ळीकडे जाणाऱ्या टॅक्स्यांची रांग लागते. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांत थोड्याफार फरकाने एकच कुटुंब बसलेलं असतं. पुढच्या सीटवर आजोबा, पायाशी डिकीत न मावलेली बॅग. मागे आजी, मधे आई, तिच्या मांडीवर काही महिन्यांचं बाळ. बाबा बहुधा आधीच फ्रँकफर्टला, लंडनला नाहीतर सॅन होजेला रुजू झालेले असतात. बाळाची ही आयुष्यातली पहिली मोठी सफर, आणि आईने एवढा पल्ला एकटीने गाठण्याचीही पहिलीच वेळ.

बेंगळुरूत अशी मराठी घरं पुष्कळ आहेत. व्हाइटफील्ड, बेळंदूर, सर्जापूर रस्ता, इलेक्ट्रॉनिक सिटी या भागांत पुण्या-नागपूर-कोल्हापूरहून आलेली मुलंमुली कामाला लागली, लग्नं झाली, आणि कंपनीने परदेशी पाठवायला आणि घरात पाळणा हलायला एकच गाठ पडली. मग सोसायटीच्या बागेत, मंडळाच्या गणपतीत, बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यातल्या बाकावर एकच प्रश्न ऐकू येतो: ‘एवढ्याशा बाळाला घेऊन जायचंय, कुठली एअरलाइन घेऊ?’ उत्तरादाखल कंपन्यांची नावं येतात. एक म्हणते अमुक कंपनीच्या हवाई सुंदरी फार मायेनं करतात, दुसरी म्हणते तमक्यांनी आम्हाला पाळणाच दिला नाही. दोघीही आपापल्या जागी खऱ्या असतात. पण एकीचं बाळ चार महिन्यांचं होतं आणि दुसरीचं चौदा महिन्यांचं, हे त्या बोलण्यात मागे पडतं. एवढ्या प्रवासी आयांशी बोलून माझं मत पक्कं झालंय की लांबच्या विमानाची निवड सुरू होते ती बाळाच्या वयापासून. कंपनीचं नाव त्यानंतर.

रात्रीच्याच वेळा का?

बेंगळुरूचा केंपेगौडा आंतरराष्ट्रीय विमानतळ २४ मे २००८ रोजी सुरू झाला. शहराच्या मध्यापासून तो सुमारे ३५ किलोमीटरवर आहे, इलेक्ट्रॉनिक सिटीकडून निघालं तर अंतर ५० किलोमीटरच्याही पुढे जातं. १२ सप्टेंबर २०२३ पासून आंतरराष्ट्रीय विमानं बांबूच्या छताच्या, झाडा-वेलींनी भरलेल्या टर्मिनल २ वरून सुटतात. युरोपकडे जाणारी बरीचशी विमानं मध्यरात्र ते पहाटे चारच्या दरम्यान निघतात. फ्रँकफर्टला रात्री ११ ते पहाटे ५ या वेळात विमानांना नेहमीची ये-जा करायला मनाई आहे. शिवाय तिथून सकाळी अमेरिकेकडे सुटणाऱ्या विमानांची जोड मिळायला हवी. म्हणून आपल्याकडून विमान अशा वेळी सुटतं की ते तिकडे सकाळी उतरेल. आखाती कंपन्यांचंही तसंच. त्यांच्या तळावर ठरावीक तासांत चारी दिशांनी विमानं येतात आणि पुढच्या काही तासांत चारी दिशांना सुटतात.

मोठ्या माणसाला हे जागरण जड जातं, तान्ह्या बाळाला मात्र अनेकदा सोयीचं पडतं. रात्रीची झोप गाडीत सुरू झालेली असते, ती विमानात पुढे चालू राहते. दीड वर्षाच्या मुलाची गोष्ट वेगळी. टर्मिनलचे झगझगीत दिवे, सुरक्षा तपासणीची रांग आणि अनोळखी माणसं यांत त्याची झोप मोडते, आणि एकदा मोडली की पुढचे तीन तास ते कुणाचं ऐकत नाही. म्हणून वर्ष उलटलेल्या मुलासाठी सकाळी सुटणारं विमान मिळत असेल तर थोडं महाग पडलं तरी त्याचा विचार करावा. डिसेंबर-जानेवारीत मात्र देवनहळ्ळीच्या माळावर पहाटे धुकं दाटतं आणि भल्या सकाळच्या विमानांना उशीर होतो. त्या महिन्यांत पुढच्या विमानाची जोड अगदी काठावरची नसावी.

पहिले आठ-नऊ महिने: सगळा भार पाळण्यावर

या वयात सगळं काही एका वस्तूवर अवलंबून असतं, ती म्हणजे बॅसिनेट. केबिनच्या आडव्या भिंतीला अडकवायचा हा छोटा पाळणा. त्यासाठी भिंतीसमोरच्या मोजक्याच जागा असतात आणि त्या आधी सांगून ठेवाव्या लागतात. तिकीट काढलं म्हणजे पाळणा मिळालाच असं नाही. बहुतेक कंपन्या तो ‘विनंतीवरून’ देतात, आणि ऐन वेळी विमान बदललं तर भिंतीसमोरच्या जागाही बदलतात. म्हणून तिकीट काढल्याच्या दिवशीच कंपनीला फोन करून पीएनआरवर नोंद करून घ्यावी, निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी ती नोंद जागेवर आहे ना हे पुन्हा विचारावं, आणि काउंटरवर लवकर पोचावं.

पाळण्याला वजनाची मर्यादा असते. कंपनीगणिक ती साधारण ९ ते १४ किलो अशी बदलते. काही ठिकाणी लांबीचीही अट असते, ७५ सेंटिमीटरच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यांप्रमाणे सहा महिन्यांच्या मुलग्याचं मध्यम वजन ७.९ किलो आणि मुलीचं ७.३ किलो असतं. वर्षाचा मुलगा ९.६ किलोचा आणि जवळपास ७६ सेंटिमीटर लांब होतो. म्हणजे वर्षाच्या सुदृढ बाळाला एका कंपनीचा पाळणा पुरतो आणि दुसरीचा पुरत नाही. दोन कंपन्यांच्या भाड्यातला फरक पाहण्याआधी पाळण्याची मर्यादा आणि बाळाचं वजन हे दोन आकडे शेजारी लिहून काढावेत. प्रवासाच्या दिवशी बाळाचं वजन किती असेल याचा अंदाज तुमचे डॉक्टर सहज सांगतील.

पाळणा असला तरी बाळ सगळा वेळ त्यात झोपत नाही. हवेचे धक्के बसून पट्ट्याची खूण उजळली की बाळाला उचलून मांडीवर घ्यावंच लागतं. १७ तासांच्या उड्डाणात हे किती वेळा होईल ते कुणीच सांगू शकत नाही. भिंतीसमोरच्या जागेचे हात वर उचलता येत नाहीत, आणि टेकऑफ-लँडिंगला डायपरची पिशवीसुद्धा वरच्या कप्प्यात टाकावी लागते. म्हणून एक डायपर, ओले वाइप्स, दुपटं आणि दुधाची बाटली एवढं एका छोट्या थैलीत वेगळं काढून ठेवावं. एकट्या आईला भर विमानात हात उंचावून कप्पा उघडायची वेळ येऊ नये.

याच वयात विमानाच्या जातीलाही महत्त्व येतं. साध्या विमानात केबिनमधला दाब साधारण ८,००० फूट उंचीवर असतो तेवढा ठेवतात. म्हणजे उटीपेक्षाही थोडं उंच. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० या नव्या विमानांत तो सुमारे ६,००० फुटांइतका असतो आणि हवाही तितकी कोरडी नसते. कानांवर ताण येतो तो मुख्यतः उतरताना. बाळाच्या घशातून मधल्या कानाकडे जाणारी नळी अरुंद असते, आणि गिळण्याच्या क्रियेने ती उघडते. म्हणून टेकऑफला सगळं दूध संपवू नये. जमिनीवर टेकण्याच्या अर्धा तास आधी विमान खाली यायला लागतं, तेव्हा बाळाला जागं करून अंगावर घ्यावं किंवा बाटली द्यावी.

आठवडाभराच्या आतल्या, अपुऱ्या दिवसांच्या किंवा श्वासाचा त्रास असलेल्या बाळाचं तिकीट डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढू नये. अगदी नवजात बाळासाठी डॉक्टरांचं पत्र मागण्याचा कंपन्यांचा नियम असतो आणि तो प्रत्येकीचा वेगळा असतो.

वर्ष ते दोन: मांडी की जागा?

दोन वर्षांखालच्या मुलाला आंतरराष्ट्रीय प्रवासात मोठ्यांच्या भाड्याच्या साधारण १० टक्के आणि कर एवढ्यावर मांडीवर नेता येतं. या दहा टक्क्यांत जागा मिळत नाही. पाळण्यात न मावणारं, बसवेना, झोपेना असं बारा किलोचं मूल दहा-बारा तास मांडीवर ठेवणं हा शरीराचा कस आहे. स्वतंत्र जागा घेतली तर पुष्कळ कंपन्यांत मोठ्यांच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास भाडं पडतं. ती बहुधा कंपनीशी बोलूनच घ्यावी लागते, आणि सोबतची कार सीट विमानात चालणारी आहे हे तिच्यावरच्या शिक्क्यावरून दाखवावं लागतं.

हा फक्त सोयीचा प्रश्न नाही. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत आयोवा राज्यातल्या सू सिटीला युनायटेडचं २३२ क्रमांकाचं विमान कोसळलं. मुख्य हवाई सेविका जॅन ब्राउन यांनी तेव्हाच्या नियमाप्रमाणे मांडीवरच्या बाळांना पायाशी जमिनीवर ठेवायला आयांना सांगितलं होतं. त्यांतलं एक बाळ दगावलं. त्या बाळाची आई नंतर समोर आली, आणि पुढची अनेक वर्षं जॅन ब्राउन यांनी प्रत्येक मुलाला स्वतःची जागा आणि पट्टा मिळावा यासाठी लढण्यात घालवली. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने तीच शिफारस पुन्हा पुन्हा केली. २००५ मध्ये तिथल्या विमान प्रशासनाने मात्र सक्ती करायला नकार दिला. कारण असं दिलं की जागेचं भाडं परवडत नाही म्हणून अनेक कुटुंबं विमान सोडून मोटारीने जातील, आणि रस्ता विमानापेक्षा कितीतरी धोक्याचा आहे.

तिथल्या रस्त्यांचा हा युक्तिवाद बेंगळुरूहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या कुटुंबाला लागू पडत नाही. आपल्याला मोटारीने जायचा पर्यायच नाही. २१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला निघालेलं सिंगापूर एअरलाइन्सचं विमान हवेच्या जबर धक्क्यात सापडलं. एक प्रवासी दगावला आणि पट्टा न लावलेले अनेक जण छताला आपटले. म्हणून दीड वर्षाच्या मुलाची जागा परवडत असेल तर ती घ्यावीच, असं मी प्रत्येक घराला सांगते. परवडत नसेल तर आईच्या पट्ट्यात गुंतवायचा जादा पट्टा मिळतो का ते विचारावं. युरोपातल्या कंपन्या तो देतात. अमेरिकेच्या कंपन्या टेकऑफ-लँडिंगला तो वापरू देत नाहीत.

मांडीवरच्या बाळाबद्दल आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. जागांच्या प्रत्येक गटावर एकच जादा ऑक्सिजन मुखवटा असतो, म्हणून मांडीवरची दोन बाळं एका गटात बसवता येत नाहीत. दोन बहिणी आपापली बाळं घेऊन निघाल्या तर शेजारी बसायचा हट्ट काउंटरवर धरून उपयोग होत नाही. जुळ्यांच्या आईने तर दुसऱ्या मोठ्या माणसाशिवाय निघण्याचा विचारही करू नये.

सुरक्षेचा विषय निघाला की १२ जून २०२५ ची आठवण येतेच. अहमदाबादला एअर इंडियाचं विमान उडताच कोसळलं आणि विमानातल्या २४२ पैकी २४१ जण गेले. त्यानंतर कित्येक घरांत तिकिटाचा विषय काढायलाही माणसं कचरली. ही भीती समजण्यासारखी आहे. पण एका घटनेवरून कंपनीला कायमचं बाद करणं किंवा परदेशी म्हणून दुसरीवर डोळे मिटून भरवसा टाकणं, दोन्ही चूक. २००३ पासून आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटना कंपन्यांची सुरक्षा तपासणी करते, आणि युरोपीय संघ सुरक्षेच्या कारणावरून बंदी घातलेल्या कंपन्यांची यादी जाहीर करतो. नावाजलेल्या कंपन्यांत निवड करताना हे दोन्ही पाहावं आणि पुढचा निर्णय बाळाच्या गरजेवर घ्यावा.

थेट की थांबत?

बेंगळुरूच्या इतिहासात ११ जानेवारी २०२१ चा दिवस वेगळा आहे. सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेलं एअर इंडियाचं विमान उत्तर ध्रुवावरून सुमारे १४,००० किलोमीटर अंतर थेट कापून देवनहळ्ळीला उतरलं. कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सोबतचे सगळे वैमानिक स्त्रिया होत्या. सुमारे १७ तास, मधे एकही थांबा नाही. बेंगळुरूतल्या मराठी घरांना ही मोठी सोय वाटली. पण असे थेट मार्ग कायमचे नसतात, हेही आपण पाहिलं. हाच मार्ग मधे बंद होऊन पुन्हा सुरू झाला. २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय कंपन्यांना बंद केलं आणि पश्चिमेकडे जाणाऱ्या भारतीय विमानांची वाट, विशेषतः उत्तरेतून सुटणाऱ्यांची, लांबली. तिकीट काढताना त्या महिन्यात विमान खरोखर किती तास घेतंय आणि थेट आहे का, हे पाहावं.

तान्ह्या, पाळण्यात झोपणाऱ्या बाळासाठी थेट विमान सर्वांत चांगलं. उतरणं-चढणं नाही, कानांवरचा ताण एकदाच. रांगणाऱ्या, चालू लागलेल्या मुलासाठी मात्र मधला तीन-चार तासांचा थांबा वरदान ठरतो. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर खेळायच्या जागा आहेत, टर्मिनल ३ मध्ये फुलपाखरांची बाग आहे, आणि फिरवायला बाबागाडी फुकट मिळते. तिथे मूल दोन तास मनसोक्त पळतं आणि पुढच्या विमानात गाढ झोपतं. दीड तासाच्या जोडीत हे होत नाही. तेवढ्यात आपल्याला धावाधाव करावी लागते, आणि तीही कडेवर मूल घेऊन.

थांबा कुठे आहे यालाही फार महत्त्व आहे. लंडनच्या हीथ्रोवर विमान बदलताना पुन्हा सुरक्षा तपासणी होते, टर्मिनल बदलायचं असेल तर बसही पकडावी लागते. अबुधाबीत २०१४ पासून अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकण्याची सोय आहे, त्यामुळे तिथून अमेरिकेला जाणारं कुटुंब पलीकडे देशांतर्गत प्रवाशासारखं बाहेर पडतं. पंधरा तासांनंतर झोपाळलेलं मूल कडेवर घेऊन इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा ते अबुधाबीत ताजेतवाने असताना उरकणं किती बरं, हे ज्यांनी दोन्ही केलंय त्यांना विचारावं. आणखी एक विचारून घ्यायची गोष्ट: विमानाच्या दारात दिलेली बाबागाडी मधल्या थांब्यावर परत मिळते, की शेवटच्या गावीच? अनेक ठिकाणी ती शेवटीच मिळते. तशी असेल तर अंगाला बांधायचं कॅरियर जवळ हवंच.

तिकीट एका कंपनीने विकलं आणि विमान दुसरीचं, असंही होतं. पाळणा, वजन, बाबागाडी, जेवण हे सगळे नियम प्रत्यक्ष विमान उडवणाऱ्या कंपनीचे लागतात. तिकिटावर बारीक अक्षरात तिचं नाव असतं, ते शोधावं आणि फोन तिलाच करावा.

सुरक्षा तपासणीतली दहा मिनिटं

एकट्या आईची खरी कसोटी लागते ती सुरक्षा तपासणीत. बाबागाडी दुमडून पट्ट्यावर ठेवायची, अंगाला बांधलेलं कॅरियर सोडून ट्रेमध्ये टाकायचं, फोन आणि बॅटरी बाहेर काढायची, आणि हे सगळं एका हाताने, कारण दुसऱ्या हातात बाळ. मग पडद्याआड सीआयएसएफची महिला जवान तपासते तेव्हा बाळाला घट्ट धरून उभं राहायचं. शेजारच्या ओळीतून एखादी अनोळखी बाई ‘द्या, मी धरते’ म्हणते. अशा वेळी बाळ न सोडता तिला ट्रे सांभाळायला सांगावं.

१०० मिलीलिटरचा द्रवांचा नियम बाळाच्या दुधाला आणि खाण्याला लागू होत नाही, पण डबे उघडून दाखवावे लागू शकतात. आपल्याकडच्या आया नाचणी सत्त्व, तांदूळ-मुगाची खिमटाची पूड बरोबर घेतात. बेंगळुरूत तर रागी सरी घरोघरी असतेच. विमानात गरम पाणी मागून खिमट दोन मिनिटांत कालवता येतं, आणि परक्या चवीच्या बाटलीतल्या खाण्याला तोंड फिरवणारं मूल ते मुकाट्याने खातं. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात ३५० मिलीलिटरपेक्षा जास्त पूड हातातल्या सामानात असली तर ती वेगळी तपासली जाऊ शकते. म्हणून हातात प्रवासापुरतीच ठेवून उरलेलं पाकीट मोठ्या बॅगेत टाकावं. पावडरचं दूध असेल तर ७० अंशांहून थंड पाण्यात कालवू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची सूचना आहे. म्हणून पाणी कढत मागावं आणि नंतर बाटली निववावी.

‘सिरप द्या, झोपेल’ हा सल्ला आजही घराघरांत दिला जातो. प्रोमेथाझिनसारखं झोप आणणारं औषध दोन वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा अमेरिकेच्या औषध प्रशासनाचा स्पष्ट इशारा आहे. बाळाचा श्वास मंदावू शकतो. बाळ रडलं तर चार प्रवाशांनी मान वळवून बघितलं तरी चालेल, औषध मात्र नको.

कागदपत्रं आणि परतीचं तिकीट

बाळाचा स्वतःचा पासपोर्ट आणि व्हिसा लागतो. पासपोर्ट सेवा केंद्रात जाताना चार वर्षांखालच्या मुलाचा पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो आपण न्यायचा असतो, आणि आईवडील दोघांनी सही केलेलं घोषणापत्रही. बाळ अमेरिकेत जन्मून तिकडचं नागरिक असेल तर आजी-आजोबांकडे येण्याआधी त्याच्यासाठी ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) किंवा व्हिसा काढावा लागतो. एका पीएनआरवर असलेल्या बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला आई किंवा वडिलांशेजारीच जागा द्यावी, असा नागरी विमान महासंचालनालयाचा २०२४ चा आदेश आहे, तो काउंटरवर ठामपणे सांगावा. बाबागाडी मोडून आली तर सात दिवसांच्या आत लेखी तक्रार करावी, त्यानंतर भरपाईचा हक्क राहत नाही. युरोपातून निघणारं कोणतंही विमान आणि युरोपात येणारं युरोपीय कंपनीचं विमान खूप उशिरा आलं किंवा रद्द झालं तर खाणं, राहणं आणि अनेकदा ठरावीक भरपाई देण्याचं बंधन त्या कंपनीवर आहे. अडकलेल्या आईला ही माहिती फार कामी येते.

जाणं-येणं एकत्रच विकलं जातं म्हणून एकच कंपनी सगळ्या प्रवासासाठी पक्की करण्याची घाई होते. आजी-आजोबांबरोबर सहा महिने राहून परतणारं बाळ मात्र जाताना सात किलोचं असतं आणि येताना दहाचं. जाताना पाळण्यात मावलेलं मूल येताना चालत विमानात शिरतं. प्रवासात दुसरा वाढदिवस आला तर परतीला ते मोठ्यांसारखं आपली जागा मागतं, आणि मांडीवरचं तिकीट चालत नाही. म्हणून तिकीट काढताना दोन तारखा कागदावर लिहाव्यात आणि प्रत्येक तारखेला बाळ किती वयाचं, किती वजनाचं, काय खाणारं, किती चालणारं असेल ते शेजारी लिहावं. दोन्ही उत्तरं वेगळी आली तर दोन कंपन्या घ्याव्यात, निदान परतीची तारीख आणि जागा बदलता येतील असं तिकीट घ्यावं. एवढं केलं की कुठली एअरलाइन घेऊ या प्रश्नाचं उत्तर आपलं आपल्याला सापडतं. शेजारीण तुमच्यापेक्षा वेगळं उत्तर देईल, आणि तिच्या बाळासाठी तेही बरोबर असेल.